तळ न घासायचा हंडा

देवळामागच्या खोलीत हे जे हंडे, पराती, तपेली रचून ठेवलीत ना, ती सगळी कुसरवाडीची. कुणाकडेही कार्य निघालं की न्यायची आणि घासून परत आणायची. लग्न झालेल्या घराने एक भांडं नव्याने घालायचं, पण त्यावर नाव कोरायचं नाही. नाव फक्त त्या कोपऱ्यातल्या मोठ्या हंड्यावर आहे. बघा, पण उलटा करू नका.

फार पूर्वी इथे येसू तांबटीण राहायची. नवरा गेल्यावर हातोडा तिनेच हाती घेतला. पंगतीचा हंडा तेव्हा गावात एकट्या दौलतराव खोताकडे होता. येसूच्याच नवऱ्याने घडवलेला, पोटावर खोताचं नाव ठळक. येसूच्या लेकीच्या, चंद्राच्या लग्नाला हंडा देतो असा खोताने शब्द दिला होता. वऱ्हाड दारात उतरल्यावर येसू तो आणायला गेली, तर खोत ओसरीवर सुपारी कातरत म्हणाला, "तुझ्या चुलीवर माझं नाव काळं होईल. जा."

घरातल्या चार पातेल्यांत दोनशे माणसांचा भात कुठला शिजायला? उन्हं कलली तसं वऱ्हाड उपाशीच उठलं आणि गाड्या नवरीवाचून परत फिरल्या. चंद्रा हळदीच्या अंगाने भात्याशी बसली ती जन्मभर. येसू रडली नाही म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भैरोबासमोर उभी राहून तिने सांगितलं, खोताचं नाव काळं करीन तेव्हाच केसांना तेल लावीन.

मग ती घरोघर हिंडली. "फुटकं तांबं द्या," एवढंच म्हणायची, दानपुण्याची भाषा नाही. खोताने दारातून हाकललं नाही असं घर गावात नव्हतं. लोकांनी दिलं ते धर्म म्हणून नव्हे, डूख धरून दिलं. कुणी गळका तांब्या, कुणी नुसतं झाकण. एका म्हातारीने तर धड घागर दगडाने ठेचून दिली, असं सांगतात.

तीन वर्षं आटवून, ठोकून येसूने खोताच्या हंड्याच्या दीडपट मोठा हंडा घडवला आणि सगळ्या गावासाठी देवळात ठेवला.

पुढल्या वैशाखात खोताच्या मुलाचं लग्न. पाचशे पान बसायचं, आणि ऐन सकाळी खोताच्या हंड्याचा सांधा उकलला. ही भैरोबाची करणी म्हणतात. सांधा कुठे नाजूक असतो ते तांबटिणीला बरोबर ठाऊक असतं, असंही म्हणतात. खोत देवळाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"न्या की दौलतराव," येसू म्हणाली. "इथे कुणाला नाही म्हणत नाहीत. जाळ तेवढा तुमच्या हाताने घाला."

गड्यांनी हंडा उचलून चुलाणावर धरला तेव्हा खोताला बुडावर कोरलेली अक्षरं दिसली. त्याचंच नाव, बापाच्या नावासकट. मांडवात व्याही ताटकळले होते. खोत खाली बसला आणि त्याने लाकडं आत सारली. भात शिजेपर्यंत येसू समोरून हलली नाही. घरी गेली आणि तिने केसांना तेल लावलं.

आजही कार्य झालेल्या घरातून भांडं येतं, नाव न घालता. खोतांच्या घरचंही येतं. पंगत उठली की बायका हा हंडा चिंच लावून आतून-बाहेरून लख्ख करतात. तळ मात्र कुणी घासत नाही.