हळद लागलेलं बायबल

बस्त्याव मास्तरांचा माणसांवर विश्वास नव्हता. देवावर होता, पण तोही जरा तपासून. वसईकडच्या एका गावात ते चर्चच्या समितीचे प्रमुख होते. सणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं वाचन कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी ते घरोघर जायचे आणि तिथल्या बायबलवर बोट फिरवून धूळ बघायचे.

भाजी विकणाऱ्या कोंसूबायकडे त्यांना धूळ मिळाली नाही, हळद मिळाली. बायबल चुलीजवळ, मसाल्याच्या डब्याला टेकून उभं होतं. मास्तरांचा संशय बळावला.

रविवारी त्यांनी कोंसूबायसमोरच तिचं आणि आपलं अशी दोन्ही बायबलं फादरांपुढे ठेवली. "माझं बघा. वीस वर्षं रोज वाचतोय, एक डाग नाही. ही वाचत नसणार, पातेल्यावर झाकण म्हणून ठेवत असणार. हिला वाचन देऊ नका."

कोंसूबायने महिनाभर भाकऱ्या भाजताना सणाच्या वाचनाचा उतारा घोकला होता. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, माझं पुस्तक मळकं आहे, खरंय. तुमचं द्या, त्यातून वाचून दाखवते. मग फादर ठरवतील."

मास्तरांनी आधी तिचे हात निरखले, मग सोनेरी कडांचं आपलं बायबल दिलं. फादरांनी रूथची गोष्ट काढायला सांगितली. कोंसूबायने कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि ती थांबली.

"वाचता येत नाही ना?" मास्तर म्हणाले.

"येतं की. पण फादर, आधी एक सुरी द्या. दुकानातून आणल्यापासून ही पानं एकमेकांना चिकटलेलीच आहेत."