सातवा भोंगा

धरणाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात निरंजन नावाचा एक भलताच हुशार प्रोग्रॅमर होता. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांत भोंगे वाजवणारा पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्रॅम त्याचाच. एकेका ओळीत दहा कामं कोंबलेली, आणि आतल्या आकड्यांना दिलेली नावं म्हणाल तर नुसती क, ख, ग! कुणी विचारलं की म्हणायचा, "समजायला डोकं लागतं."

त्याच्याबरोबर विनया काम करायची. तिला एक खोड होती. रोज जेवणाच्या सुट्टीत ती प्रोग्रॅमच्या चार ओळी धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या सोपानमामांना मराठीत वाचून दाखवायची. मामांच्या कपाळाला आठी पडली की तेवढीच ओळ साफ करायची. 'क'चं 'पातळी' झालं, एका लांबलचक ओळीच्या तीन झाल्या.

"उद्योग नाहीत तुला," निरंजन हसायचा. "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?"

एकदा तो रजेवर होता. विनया वाचत होती, "एकपासून सहापर्यंत मोजा आणि त्या त्या गावाचा भोंगा वाजवा."

मामा चपापले. "सहाच? अहो ताई, गेल्या महिन्यात आमची वाडी घातली ना यादीत? ती सातवी. माझी लेक तिथंच नदीवर धुणं धुते."

विनयाने लगेच तपासलं. यादीत वाडी होती, पण मोजणी सहावरच थांबत होती; वाडी घातल्यापासून पाणी सोडलंच नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. तिने ओळ बदलली: 'यादीतल्या प्रत्येक गावाचा भोंगा वाजवा.' आकडाच उरला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दरवाजे उघडायची वेळ आली. भोंगा वाजेल तसा बोर्डावर त्या गावाचा दिवा लागत गेला. सहा लागले. मग सातवा! मामांचा फोन वाजला. "बाबा, भोंगा ऐकला. आम्ही सगळ्या वर आलोय." मामांनी डोळे पुसले आणि मगच कळ दाबली. काय तो लोंढा! वाडीतले धुण्याचे दगड बघता बघता पाण्याखाली गेले.

"बघितलास माझा प्रोग्रॅम?" रजेवरून परतलेला निरंजन म्हणाला.

विनयाने त्याची जुनी ओळ त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने नवी ओळ वाचली आणि तो बघतच राहिला. एवढीशी ओळ, आणि तिच्यात अख्खी वाडी मावली होती!

"मामा," तो हळूच म्हणाला, "उद्यापासून माझ्याही चार ओळी ऐकाल का?"

तात्पर्य: आपलं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता आलं, तरच त्यातली चूक कुणाच्या तरी नजरेस पडते; म्हणून चालतं कामही रोज थोडं थोडं सोपं करत राहावं.