ओहळीच्या बगाडाला माणूस का टांगत नाहीत

पाहुणे, ते वर बघा. बगाडाच्या शीडाच्या, त्या लांब आडव्या लाकडाच्या टोकाला, जिथं बाकीच्या गावांत नवसाचा माणूस टांगलेला असतो, तिथं आमच्या ओहळीत एक लाकडी खोकं लोंबतंय. त्याला फेटा बांधलाय, हळद लावलीय. तीन फळ्यांचं, वरून उघडं, पन्हाळीसारखं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना समोरासमोर एकेक उभी चीर आहे. सुतार त्याला साचा म्हणतात. लाकूड आत ठेवायचं, करवत त्या चिरांतून चालवायची, म्हणजे कापणी रेषा सोडून जात नाही. ज्याचा हात थरथरतो त्यालाही सरळ कापता येतं.

बगाडाला जुंपायच्या बैलजोड्यांत आमच्या घरची एक असते, म्हणून हे सगळं लहानपणापासून ऐकत आलोय. जसं ऐकलं तसं सांगतो.

आमच्या गावदेवीचं, जोगाईचं बगाड फार जुनं. त्याला लोखंडाचा खिळा चालत नाही, सगळी बांधणी बाभळीच्या लाकडाची. चाकांच्या गाड्यावर मधोमध उभा खांब, त्याला चारी अंगांनी आवळून धरणारे चार आडवे बाहू, आणि खांबाच्या डोक्यावर हे लांबलचक शीड. बाहूंची टोकं खांबाला अशी भिडावी लागतात की मधून गवताची काडी जाऊ नये. काडी गेली तर खांब हलणार, आणि शीडाला माणूस टांगलेला. त्या काळी तर पाठीत लोखंडी गळ टोचून टांगत.

बगाड घडवायचा मान सुतारांच्या एकाच घराचा. त्या घरात दोन भाऊ होते असं सांगतात. थोरला म्हादू, धाकटा सटवा. बापामागं मान म्हादूकडं आला; पण त्याची करवत उतरता उतरता तिरकी जायची, मग तो पाचरी ठोकून वेळ मारून न्यायचा. सटवा शांत डोक्याचा. त्यानं शिसवाच्या फळ्या जोडून हा साचा केला. पहिल्यांदा गाव हसलं. म्हादू म्हणाला, "करवत हातानं चालती, खोक्यानं न्हाई. ही आंधळ्याची काठी हाय." पण सटवानं साच्यातून कापलेले बाहू खांबाला बसवले, तेव्हा जोड शोधायला नखानं चाचपावं लागलं. गोंदाजी पाटलानं भर जत्रेत म्हादूच्या डोक्यावरचं मानाचं पागोटं काढलं आणि सटवाच्या डोक्यावर ठेवलं. थोरल्याचं काढून! सटवानं ते हातात घेऊन परत द्यायला बघितलं, तर म्हादू गर्दीतून निघून गेला होता.

काही वर्षांनी ते बाहू किडले म्हणून नवे करायचे ठरले. सटवानं चार ओंडके तासून ठेवले आणि नदीवर अंघोळीला गेला. जोगाईचं काम ओलेत्यानं करायचं असतं. म्हादू एकटाच पडवीत होता. त्यानं कानस घेतली आणि साच्याची एक चीर एका अंगानं घासली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. मग कानस जागेवर ठेवली आणि जेवायला बसला. सटवा आला. त्यानं रोजच्या भरवशानं लाकूड आत ठेवलं आणि चारही बाहू कापले.

जत्रेच्या सकाळी बगाड उभं राहिलं. आसपासच्या गावांचे लोक आले होते. यंदा कुणी लटकायचं याचा देवीचा कौल पाटलाच्या पोराला, येसाजीला लागला होता. त्याला हळद लावून बसवला होता. रिवाजाप्रमाणं पाटलानं गवताची काडी घेऊन जोड तपासले. काडी आत गेली. चारही ठिकाणी गेली.

सटवाचा विश्वास बसेना. त्यानं जोडावर बोट फिरवलं, मग भावाकडं वळून म्हणाला, "दादा, तूच सांग, हे काम माझ्या हातचं दिसतं का?"

"तुझ्या खोक्याला इचार," म्हादू म्हणाला.

सटवानं पाटलाचे पाय धरले. एक दिवस द्या, नवे बाहू कापतो, आज कुणाला वर चढवू नका. पाटलानं एकदा जमलेल्या गावांकडं बघितलं, एकदा हळद लावलेल्या पोराकडं बघितलं. मग म्हणाला, "जत्रा एका सुतारासाठी थांबत न्हाई. पर कौल फिरवता येतो. ज्यानं घडवलं त्यानंच लटकावं."

येसाजीला उठवला. त्याची हळद पुसून सटवाला लावली म्हणे; नवी कालवायलाही कुणी थांबलं नाही. सटवाची बायको भिवरा गर्दी फोडून पुढं आली, तिला चार बायांनी धरून ठेवलं. गळ टोचताना सटवा ओरडला नाही. तो सारखा त्या जोडांकडं बघत होता, आपलं कुठं चुकलं ते शोधत. म्हादू दहा पावलांवर होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं.

वेशीबाहेर ओढा उतरताना चाक दगडावर चढलं. एक बाहू सटकला, मग दुसरा. खांब कलला आणि शीड खाली आलं. नुसता पडला असता तर सटवा वाचला असता. पण पाठीतले गळ सुटले नाहीत. बिथरलेल्या बैलांनी त्याला ओढ्याच्या गोट्यांवरून पलीकडच्या बांधापर्यंत फरफटत नेला. जोगाईचं वाद्य मध्येच बंद करायचं नसतं, म्हणून वाजंत्री वाजवतच राहिले. भिवरा पोचली तेव्हा त्याचा एक डोळा उघडा होता. "चीर बघ," एवढंच तो म्हणाला असं सांगतात.

क्रियाकर्म झाल्यावर तिनं साचा मांडीवर घेतला आणि नवऱ्याची करवत चिरेत घातली. करवत एका अंगाला खुळखुळली. तिनं तो उजेडात धरला. शिसवाचं लाकूड वापरून वापरून काळं पडलं होतं, आणि त्यात कानशीचे ताजे, पिवळट ओरखडे होते. घरात कानस एकच होती, आणि सटवा नदीवर गेला तेव्हा घरात माणूसही एकच होता.

ती साचा घेऊन चावडीवर गेली. लग्न झाल्यापासून तिनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडं टाकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं पदर मागं सारला आणि म्हादूच्या डोळ्यांत बघितलं. त्याला ते सोसवलं नाही. "मला त्याची फजिती करायची हुती," म्हणाला, "निस्ती फजिती."

पाटलानं न्याय लगेच दिला. त्याला घाईच होती. बोलणं लांबलं असतं तर ते त्याच्यापर्यंत आलं असतं. "ज्या हातानं कानस चालवली त्यो हात याच साच्यात ठेवा. करवत हिच्या हातात द्या."

गावाला वाटलं, ती करवत टाकून देईल, रडेल. म्हादूनंही तशीच आशा धरली असावी, कारण त्यानं हात आपणहून ठेवला. भिवरा त्याच्यासमोर बसली. "दादा," ती म्हणाली, "हात हलवू नगासा. चीर वाकडी हाय, करवत नीट चालायची न्हाई. जास्त लागंल."

आणि तिनं करवत ओढली.

करवत खरंच अडकत होती. ती दर वेळी सोडवून पुन्हा लावत होती, लाकूड कापताना नवरा लावायचा तशी, न घाबरता. चावडीवरची माणसं उठून बाहेर गेली. म्हादूचा आवाज आधी सगळ्या गावात ऐकू येत होता, मग येईनासा झाला. हात सुटा झाला तेव्हा कुणीतरी त्याच्या मनगटावर उकळतं तेल ओतलं.

भिवरा उठली. रक्तानं भरलेला साचा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि पाटलापुढं नेऊन ठेवला.

"आता तुमचा हात," ती म्हणाली.

पाटील तिच्याकडं बघत बसला. मग त्यानं पागोटं सारखं केलं, जोडे घातले आणि जेवायला घरी गेला.

भिवरा पुन्हा घरी गेली नाही. ओढ्याकाठी मोडलेल्या बगाडाशी बसून राहिली. अन्न नाही, पाणी नाही. जो येईल त्याला एकच सांगायची: हितनं म्होरं या गावात माणूस टांगला तर बगाड जागचं हलायचं न्हाई. तिथंच तिचा जीव गेला. गावानं ते फारसं मनावर घेतलं नाही, असं म्हणतात.

पुढच्या जत्रेला दुसऱ्या गावचा सुतार आणून बगाड उभं केलं, माणूस टांगला, बैल जुंपले. बैल हलेनात. आसूड ओढले, शेपट्या पिरगाळल्या. एका बैलाच्या नाकातून रक्त आलं आणि तो जुवाखालीच मेला. वर टांगलेला माणूस ओरडत होता. तेवढ्यात गर्दीतून म्हादू आला. भिवरा गेल्यावर साचा त्यानं उचलून ठेवला होता, कुणाला ठाऊक नव्हतं. टांगलेल्या माणसाला उतरवा, एवढंच तो म्हणाला. मग एका हातानं आणि दातांनी गाठ मारून त्यानं शीडाला साचा बांधला. उरलेले बैल कुणी न हाकता चालू लागले म्हणे.

तेव्हापासून हेच. पाटलाला मात्र काही झालं नाही. तो पुष्कळ जगला, नातवंडं बघून अंथरुणात मेला. असं का, ते मला विचारू नका.

आता उतरत्या उन्हाला बगाड चावडीपुढं येईल, तेव्हा पुढं उभे राहा. आजही तिथं वाद्यं थांबतात. सुतारांच्या घरची एक सून पदर मागं सारून पाटलाच्या वाड्यातल्या कर्त्या माणसाला म्हणते, "आता तुमचा हात." हाताच्या बदली तो तिच्या हातात नारळ ठेवतो. मग वाद्यं सुरू होतात आणि बगाड पुढं जातं.