चादरीची चार टोकं

अख्खा वॉर्ड एकाच माणसाच्या कमरेवर टाकायचा आणि वर ‘पुरुष आहेस ना?’ असं विचारायचं, याला रीत म्हणणारे खोटं बोलतात. हा अन्याय आहे.

एका तालुक्याच्या गावात एक दवाखाना होता. तिथल्या हाडांच्या वॉर्डात दौलतमामा आणि सुगंधामावशी काम करत. रोग्यांना उचलणं मामांचं, त्यांची अंगं पुसणं मावशींचं, असं पूर्वीपासून ठरलेलं. अठरा वर्षं माणसं उचलून मामांचा मणका सरकला होता. शर्टाच्या आत ते पट्टा बांधत. उचलता येत नाही हे कळलं तर नोकरी जाईल, म्हणून कुणाला सांगत नसत.

एके दुपारी ऑपरेशन होऊन गेनबा पैलवान वॉर्डात आला. वजन एकशेदहा किलो, खुब्याला ताजे टाके. त्याला स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं होतं. मावशी पुढे झाल्या.

“सरका मावशी, हे बाईमाणसाचं काम नव्हे,” मामा म्हणाले.

त्यांनी पैलवानाच्या पाठीखाली हात घातले, थोडं उचललं, आणि कमरेत कळ आली. सोडलं तर पैलवानाचा खुबा जाणार, धरून ठेवलं तर मामांची कंबर. अठरा वर्षांत कधी न उच्चारलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, “मावशी, मला जमत नाहीये.”

मावशींनी खांदा लावून पैलवानाला अलगद परत टेकवलं. दोन सिस्टरना हाक मारली. दारात उभ्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. “साहेब, बघता काय? या!”

चौघांनी पैलवानाखालच्या चादरीची चार टोकं गुंडाळून घट्ट धरली.

“मामा, तुम्ही फक्त एक-दोन-तीन म्हणा.”

तीन म्हणेपर्यंत पैलवान खाटेवर.

“एवढं जमतं तुम्हाला?” मामांनी विचारलं.

“दिवसभर रोग्यांना कुशीवर मीच वळवते ना, मामा! ती काय फुलं असतात?”

मामांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ते पट्टा शर्टावरून बांधून आले. मोठ्या सिस्टरनी त्यांना नोकरीवरून काढलं नाही, रीत बदलली: उचलायचं ते चौघांनी. मामा रोग्यांना भरवू लागले, त्यांची अंगं पुसू लागले. दुपारचा चहा तेच करत, आणि पहिला कप मावशींना देत.

तात्पर्य: ओझ्याला बाई-पुरुष कळत नाही. ते वाटून घ्यावं, आणि ‘जमत नाही’ म्हणायला लाजू नये.

घरी जाताना गेनबा एवढंच म्हणाला, “चौघांनी उचललं, तरी जिवंत घरी चाललोय. तुमचे पांग कसे फेडू, मावशी?”