जुना आयपी कुणाच्या घरी गेला

“म्हणजे राऊटरचा दिवा विझला, की तुझा पत्ता सुटतो?” भंते उपसेनांनी विचारलं.

“लगेच नाही सुटत, भंतेजी. म्हणून सकाळपासूनच बंद करून ठेवलाय. बराच वेळ बंद राहिला की कंपनी तो आकडी पत्ता, म्हणजे आयपी, काढून घेते, आणि चालू केला की दुसरा देते. बाहेरच्या जगाला आपलं घर त्या आकड्यांवरूनच कळतं.”

हर्षदीप गजभिये पालीचा प्राध्यापक. शिकवण्याची हौस एवढी, की भंतेजींना भोजनदानाला घरी बोलावलं तरी ताट येईपर्यंत त्यांचाच तास घ्यायचा. सगळ्या भंडारा जिल्ह्यात त्याच्या तोडीचा पाली जाणणारा नाही, असं लोक म्हणत. लोक विसरले, तर तोच आठवण करून देई.

“नवा कशाला हवा?”

हर्षदीप घुटमळला. वरण वाढता वाढता त्याच्या बायकोनं, राजश्रीनं, सांगून टाकलं.

“इंटरनेटवर धम्मचर्चेचा मंच आहे ना, तिथून यांना काढलंय, भंतेजी. अमरावतीच्या सुलोचनाबाई वानखडेंचा एका गाथेचा अर्थ चुकला. तर यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘बाई, तुम्ही चूल सांभाळा.’ सत्तरीच्या आहेत हो त्या.”

“अर्थ चुकलाच होता,” हर्षदीप म्हणाला. “मंचाचे संचालक म्हणतात, माफीच्या दोन ओळी लिहा, मग येऊ देतो. मी का लिहू? त्यांनी माझं खातं बंद केलं, वर घरचा आयपीही बंद केला. आता नवा आयपी, नवं नाव... कोण ओळखतंय?”

“नाही गेलास तिथे, तर?”

“तर काय करू, भंतेजी? कॉलेजात पाली घ्यायला पोरं उरली नाहीत. माझं ऐकणारे जे आहेत, ते सगळे तिथेच आहेत.”

माणूस गर्विष्ठ खरा, पण त्या मंचावर त्याचा जीव होता, हे काही खोटं नव्हतं.

“आणि जुना आयपी?”

“तो परत ढिगात. याच भागात कुणाला तरी मिळेल.”

“कुणाला?”

“कोण जाणे. मला काय करायचंय?”

नियमाप्रमाणे भंतेंना बाराच्या आत जेवण उरकायचं होतं. मान खाली घालून ते सावकाश जेवले...

जेवणानंतर पुण्यानुमोदन झालं. भंतेंमागोमाग हर्षदीपनं स्वच्छ, खणखणीत उच्चारांत या दानाचं पुण्य सर्व प्राण्यांना वाटून टाकलं. मग हात सोडले आणि घाईघाईनं राऊटर चालू केला.

हिरवा दिवा लागला. आयपी बदलला होता. त्यानं आकडे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले, आणि विजयी मुद्रेनं नव्या नावाचं खातं उघडायला बसला.

पडद्यावर ओळ आली.

‘या आयपीवरून अर्वाच्य लेखन झाल्यामुळे प्रवेश बंद आहे. संचालकांना लिहा.’

“हा माझा नाही!” हर्षदीप ओरडला. “नवा आहे हा! आधी ज्या कुणाकडे असेल, त्यानं घाण केलीय. बघा भंतेजी, त्याचं केलेलं माझ्या माथी!”

“आत्ता पुण्य कुणाला दिलंस?”

“सगळ्यांना.”

“ओळखतोस त्यांना?”

“...नाही.”

“त्यांतलं कुणी म्हणालं, माझ्या माथी कशाला?”

हर्षदीप पडद्यासमोरून उठून खिडकीशी गेला.

खिडकीबाहेर फायबरची काळी वायर त्याच्या भिंतीवरून खांबावर गेली होती. तिथून पुढच्या गच्चीवर, तिथून आणखी पुढे. रोज दिसणारी वायर, पण आज तो तिच्याकडे बघतच राहिला. एवढी घरं, प्रत्येक घरात एक हिरवा दिवा, आणि ते आकडे या घरातून त्या घरात फिरताहेत... कुणाचा राग कुणाच्या दारात, कुणाची शिवी कुणाच्या नावावर. एवढा शिकलेला माणूस, पण एवढं मोठं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“भंतेजी...” तो हळू आवाजात म्हणाला. “माझा जुना आयपी आत्ता कुणाच्या तरी घरी पोचला असेल.”

“असेल.”

“त्या बिचाऱ्यालाही हीच ओळ दिसत असेल. सुलोचनाबाई कोण, हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल.”

“नसेल.”

“नको, नको. मी परत बंद करतो. माझा मला परत मिळाला तर...”

तो राऊटरकडे धावला. भंतेंनी बटणावर आपला तळहात ठेवला.

“तो आता कुणाच्या घरातून ओढून आणणार?”

हर्षदीप तिथेच खाली बसला. दाराशी उभ्या राजश्रीनं त्याला असं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची दया आली.

“मग माफी मागायची कुणी, भंतेजी?” हर्षदीपनं विचारलं.

“ज्याच्या घरी आता जो आयपी आहे, त्यानं.”

“न केलेल्या गोष्टीची?”

भंतेंनी चीवर सावरलं, भिक्षापात्र उचललं. उंबऱ्याशी गेले, आणि थांबले...

“लवकर लिहायला घे, हर्षदीप. तिकडे तुझ्या बोलण्याची माफी मागायला कुणीतरी बसलंय.”