डिंकाचे चित्र, सरसाचे चित्र

खूप जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि थोरांनी मनात घोळवावी अशी.

मंजुळा दूरदेशी शिकून गावी परतली, तेव्हा तिला वाटले होते की बाबा आणि आत्या अंगणात शेजारी बसून उन्हाची चित्रे करताना दिसतील. अंगण तेच होते, पण दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

त्या गावात चित्र करायची रीत अशी होती. रंगात थोडा क्षार आणि काहीतरी चिकट कालवायचे, कागदावर लेप द्यायचा, वर झिरझिरीत पान ठेवून कागद उन्हात धरायचा. ऊन लागेल तिथला रंग घट्ट बसे. सावलीतला धुताना निघून जाई.

बाबा म्हणत, चिकटपणा बाभळीच्या डिंकाचाच खरा. आत्या म्हणे, कातडे उकळून केलेल्या सरसाचा. वाद इतका पेटला की हरेल त्याने अंगण सोडायचे ठरले. निवाडा मंजुळाकडे आला.

तिला हुरूप आला. तिने दोघांना एकाच झाडाचे पान दिले, एकच ऊन दिले आणि धुवायला विहिरीचे सारखेच गार पाणी.

बाबांच्या कागदावर पानाची शीर न् शीर उमटली, फक्त रंग जरा फिका वाटला. आत्याचा कागद मात्र काळाच्या काळा राहिला. सरस सुटेचना. आत्या पदराने हात पुसू लागली.

बाबा पुटपुटत उठले. चुलीवरचे कोमट पाणी त्यांनी आत्याच्या परातीत ओतले.

"सरसाला ऊब लागते, आक्का. एवढेही भाचीला सांगवेना?"

"निवाडा करणाऱ्याकडे मी काही मागणार नाही," आत्या म्हणाली. "आणि तू रे? जिंकत होतास की."

"तू गेलीस तर भांडू कोणाशी?"

परातीतले पाणी काळे झाले आणि कागदावर पान उघडले, गर्द, मखमली.

दोघांना सारखेच गार पाणी दिल्याची मंजुळाला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवून टाकले. निवाडा द्यायचा नाही. तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर आधी बाबांकडून डिंकाचा लेप देववला, तो पान ठेवून उन्हात धरला, गार पाण्याने धुतला आणि वर आत्याला सरसाचा लेप द्यायला सांगितले. पुन्हा तेच पान ठेवून ऊन दिले आणि कोमट पाण्याने धुतले, तेव्हा एकाच पानात बाबांची शीर न् शीर आणि आत्याचा गर्द रंग दोन्ही उमटले. अंगण कोणालाच सोडावे लागले नाही.

तात्पर्य: ज्याला जे लागते ते आधी द्यावे, मगच त्याची पारख करावी.