परतमूठ

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, पण या गोष्टीत एकही राजा येत नाही. या गोष्टीत एक ओटा आहे, त्याची राखण करणारा एक माणूस आहे आणि एक घेवडा आहे. लहानांनी ती घेवड्यासाठी ऐकावी, मोठ्यांनी ओट्यासाठी.

आठवडे बाजाराचं एक गाव होतं. बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली एक दगडी ओटा होता आणि त्यावर गाडगी मांडलेली असत. एकात वाल, एकात भेंडी, एकात दोडका, अशी बियाणीच बियाणी. ज्याच्याकडे चांगलं बी असेल त्याने आणून ओतावं, ज्याला हवं असेल त्याने मूठभर न्यावं. पैशाचं नाव कोणी काढत नसे. रीत एवढीच, की नेलेलं बी पिकलं तर पुढच्या हंगामात एक मूठ आणून पुन्हा गाडग्यात टाकायची. तिला लोक परतमूठ म्हणत. गाडगी रिकामी झाल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं, ते या मुठीमुळे.

ओट्याची राखण एका दुकानदाराच्या घराण्याकडे होती. त्याला सगळे ओटेकरी म्हणत. बियांना ऊन दाखवायचं, उंदरांना हुसकायचं, पाऊस आला की झाकणं घालायची, हे त्याचं काम. याची मजुरी मिळत नसे, पण ओट्याला लागूनच त्याचं गूळ-फुटाण्याचं दुकान होतं. बी न्यायला आलेला माणूस सावलीत टेकायचा, फुटाणे खायचा आणि जाताना घरचं मीठ, दोरखंड त्याच्याकडूनच घेऊन जायचा. दुकान चालत होतं ते ओट्यामुळे. ओटेकऱ्याला मात्र हळूहळू वाटायला लागलं, की ओटाच आपल्या दुकानामुळे चालतो. पोट भरलेलं असलं की माणसाच्या अशा समजुती होतात.

ओढ्यापलीकडच्या वाडीतून एक माळीण यायची. कधीतरी एका कोरड्या वर्षी तिच्या मांडवावरचे सगळे वेल वाळले होते आणि एकच वेल हिरवा राहिला होता. तिने त्याच वेलाचं बी धरलं. पुढच्या वर्षी त्यातल्या सगळ्यात चिवट वेलाचं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून चिवट वेलाचं. असं करता करता तिचे केस पांढरे झाले आणि एक ठिपक्यांचा घेवडा तयार झाला, जो भांडी घासलेल्या पाण्यावरसुद्धा शेंगा द्यायचा. हा घेवडा ती दरवर्षी ओट्यावर आणून ओतायची. बाजारात एखादा अनोळखी माणूस थांबून म्हणायचा, “मावशी, तुमचा घेवडा लागला बरं का.” तेवढं ऐकलं की ती ओढा ओलांडून घरी जाईपर्यंत खुशीत असायची.

एकदा बाजारात बियांचा एक व्यापारी आला. त्याने ओट्यावरची गर्दी पाहिली आणि ओटेकऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवलं. माझं गाडगं सगळ्यांच्या पुढे मांड, म्हणाला. वर हेही विचारलं, की इतक्या लोकांची नजर जिथे पडते ती जागा तू फुकट कशी देतोस?

नाणं गोड लागलं. प्रश्न त्याहून गोड लागला. एक जण आपण होऊन देतो, तर बाकीच्यांनी का देऊ नये, असा विचार ओटेकऱ्याने केला. बी नेणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, कारण गिऱ्हाईक दुखावून चालत नाही. पण जो ओट्यावर बी ठेवेल त्याने पेटीत एक पैसा टाकायचा. त्याने झाकणाला चीर पाडलेली एक लाकडी पेटी आणली आणि ओट्याच्या मधोमध ठेवली. आपण कोणावर अन्याय करतो आहोत असं त्याला जराही वाटलं नाही.

पेरणीच्या आधी माळीण आली. तिने पिशवीचं तोंड सोडलं, तसा ओटेकरी म्हणाला, “मावशी, आधी जागेचा पैसा.”

“कसली जागा?”

“गाडग्याची. आता तसा नियम आहे.”

“अरे, मी काही विकायला नाही आले.”

“ते माहीत आहे मला. पण फुकट वाटलं तरी नाव तुमचंच होतं ना? चार गावांत लोक तुमचा घेवडा म्हणतात. ते नाव या ओट्यामुळे झालं.”

माळणीने पेटीकडे पाहिलं. तिला राग आला नाही, वाईट वाटलं. “ज्याला विकून मिळवायचंय तो जागेचा पैसा देईल बाबा,” ती म्हणाली. “मी देते, त्यात देण्याचाही पैसा द्यायचा, तर तो कुठून आणू?” आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधून ती आल्या वाटेने परत गेली.

ओटेकऱ्याला वाटलं, एक म्हातारी गेली, त्याने काय बिघडतं. पण भेंडीवाला गेला, दोडकेवाली गेली. मग एक शेतकरी मूठभर घेवडा घेऊन आला. गेल्या साली नेला होता, त्याची परतमूठ. ओटेकऱ्याने त्यालाही पेटी दाखवली. शेतकऱ्याने सांगून पाहिलं, की मी नवीन काही ठेवत नाही, घेतलेलंच परत करतोय. ओटेकरी म्हणाला, ठेवणारा तो ठेवणारा, नियम सगळ्यांना सारखा. शेतकऱ्याने मूठ मिटली, घरी गेला आणि त्याच्या बायकोने त्या घेवड्याची झकास उसळ केली. गावोगाव अशा बऱ्याच उसळी झाल्या. नियमाने सगळ्यात जास्त कोणाला अडवलं असेल, तर ते या परतमुठींना, आणि हे त्या शहाण्या ओटेकऱ्याच्या लक्षातच आलं नाही.

रिकामी झालेली गाडगी व्यापाऱ्याने भरली. त्याचं बी टपोरं होतं, चकचकीत होतं आणि अगदी फुकट होतं. पण त्याचे वेल नुसते पानांनी माजले, शेंग धरेना. वर त्या बियांत मिसळलेलं कसलंसं तण रानभर पसरलं. पुढच्या बाजारात व्यापारी त्या तणावरची पूड घेऊन हजर. ती मात्र फुकट नव्हती.

लोकांनी व्यापाऱ्याला कमीच शिव्या दिल्या. ते म्हणायचे, बी ओट्यावरून आणलं होतं. हळूहळू ओट्याकडे कोणी फिरकेना. सावलीत टेकणारं कोणी नाही, तर फुटाणे खाणार कोण? गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या. गर्दी ओसरली तसा व्यापारीही दुसऱ्या गावच्या बाजाराला गेला. पेटी तेवढी राहिली.

आणि मग एक कोरडं वर्ष आलं. विहिरी तळाला गेल्या. ओटेकऱ्याची बायको म्हणाली, परसात थोडा घेवडा लावू, मुलांच्या ताटात काहीतरी पडेल. त्या घरात बी जपून ठेवायची सवयच नव्हती. ओटा दाराशी होता, लागेल तेव्हा गाडग्यात हात घालायचा. ओटेकऱ्याने हात घातला. गाडग्याच्या तळाशी धुळीखेरीज काही नव्हतं.

“ओट्याच्या घरात बी नाही,” बायको एवढंच म्हणाली.

तो बाजारभर फिरला, वाड्यांवर विचारून आला. ठिपक्यांचा घेवडा कोणाकडेच नव्हता. शेवटी कोरडा ओढा ओलांडून तो माळणीच्या दारी गेला. तिने चुलीवर टांगलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा काढला आणि हातावर उपडा केला. जेमतेम मूठभर घेवडा होता. मागच्या वर्षी शेरड्यांनी सगळा मांडव खाल्ला, ती म्हणाली. पूर्वी असं झालं, की ती ओट्यावरून आपलंच बी परत घेऊन यायची. यंदा तिलाही परतमूठ मिळाली नव्हती.

ओटेकऱ्याने ती मूठ पाहिली. एवढ्या वर्षांत तयार झालेला घेवडा एका म्हाताऱ्या तळहातावर येऊन थांबला होता, आणि तो थांबवला होता आपण. त्याने मान खाली घालून किंमत विचारली.

“किंमत मला ठरवता येत नाही,” माळीण म्हणाली. तिने तळहातावरच्या बिया सारख्या केल्या आणि अर्ध्या त्याच्या उपरण्यात बांधल्या. “पिकला की मूठ परत आण.”

“ओट्यावर?”

“ओट्यावरच. पण पेटीत पैसा मी टाकायचा, की तू?”

 याचं उत्तर त्याने वर्षाअखेरीस दिलं. तोवर भांडी घासलेल्या पाण्यावर त्याने ते वेल जगवले आणि मुलांना मोजक्या शेंगा देऊन बाकीच्या वेलावरच वाळू दिल्या. मग एका बाजाराच्या दिवशी त्याने ओटा झाडला, पेटीचं झाकण सगळ्यांदेखत मोडून दुकानातल्या चुलीत घातलं आणि त्या उघड्या पेटीत घेवडा ओतला. मधोमध जागा होतीच.

त्या दिवशी लोक लांबूनच पाहून गेले. पुढच्या बाजारीही कोणी आलं नाही. ओटेकरी मात्र दर बाजारी बियांना ऊन दाखवत राहिला. एके दिवशी तो उसळवाला शेतकरी आला, थोडा ओशाळला आणि घरचे वाल एका गाडग्यात टाकून गेला. मग दोडकेवाली आली. सगळ्यात शेवटी माळीण आली. तिने पेटीत हात घातला, आपला घेवडा ओळखला, मूठभर घेतला आणि चिंचेच्या सावलीत बसून फुटाणे मागितले.

तात्पर्य: जो फुकट देतो त्याच्याकडे देण्याचं भाडं मागितलं, की देणारे निघून जातात आणि आपल्या दारात फक्त विकणारे उरतात.